दोन खुर्च्यांचं टेबल

सुगत गजभिये मुलगी पाहायला आसगावला आला, तेव्हा गावाला वाटलं निवडणूक लागली. पुढे एक मेटॅडोर, मागे दोन ट्रॅक्टर, त्यांच्यामागे सायकली आणि शेवटी एक बकरी, तीही वाटेत सामील झालेली. सरपंच हार घेऊन धावले आणि तो त्यांनी मेटॅडोरच्या ड्रायव्हरला घातला. रत्नमाला पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर अंगणात पाहुणे, गोठ्यात पाहुणे आणि जागा संपली म्हणून चिंचेवरही पाहुणे. गावातले पोहे संपले, पवनीहून मागवले, तेही संपले. खुद्द नवऱ्यामुलाला काही मिळालंच नाही. तो दाराशी उभा राहून लोकांना सांगत होता, "सरका जी थोडे, आजीले बसू द्या." त्या एका वाक्यावर रत्नमाला भाळली.

सुगत एसटीत कंडक्टर. वाटेत दिसेल त्याला "चलता का?" विचारल्याशिवाय त्याला राहवत नसे. घरी ताटावर बसला तरी दारावरून जाणाऱ्याला त्याची हाक ठरलेली: "या, जेवाले!" आता या हाकेला "होऊ द्या, होऊ द्या" म्हणून चालू लागायचं, हे अख्ख्या भंडारा जिल्ह्याला कळतं. पण सुगतची हाक इतकी पोटातून येई, की माणसं बिचारी चपला काढत. लग्न झाल्यापासून रत्नमालाने रोज गंजभर भात रांधला, पण फक्त दोघांनी समोरासमोर बसून केलेलं असं एकही जेवण तिच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांची मुलगी शिकायला नागपूरला गेली, तेव्हा रत्नमालाला वाटलं, आता तरी. तर दुसऱ्याच दिवशी मुलीच्या जागेवर डेपोतला मेकॅनिक पाट टाकून बसलेला.

तेव्हा रत्नमालाने ठरवलं. एक जेवण. दोघांचं. मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर.

भंडाऱ्यात नुकतंच एक व्हिएतनामी हॉटेल निघालं होतं. कारध्याचा अनुप बंगलोरला आचारीकाम शिकून आला होता आणि 'फो' नावाचा पदार्थ करायचा: तांदळाच्या लांबलचक शेवया, कोंबडीचा पातळ रस्सा, वरून हिरवा पाला आणि लिंबू. रत्नमाला आधी जाऊन पाहणी करून आली. पाहणी पदार्थाची नव्हे, खुर्च्यांची. टेबलं भिंतीला चिकटलेली आणि प्रत्येकाला दोनच खुर्च्या. शिवाय असलं खाणारा नवऱ्याच्या ओळखीत कोण असणार?

"तिथं तोंड उघडाचं ते घास घ्यायसाठी," तिने बजावलं. "कोनाले बोलवाचं नाही."

"आन कोनी वळखीचा निघाला त?"

"वाडग्यात पाहाचं."

"मी का लहान पोरगा हाव?"

"लहान पोराले समजते."

ठरल्या संध्याकाळी ती मोरपंखी साडी नेसली. सुगतने केसांना इतकं तेल लावलं, की अनुपने त्याला पंख्यापासून दूर बसवलं. वाफाळते वाडगे आले. रत्नमालाने हातात काड्या धरल्या, समोर नवरा, मधे फक्त वाफ. सुगत म्हणाला, "साजरी दिसून राहिली वो तू." रत्नमालाला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात दार उघडलं. डेपोतून निवृत्त झालेले भैयाजी आणि त्यांच्या पत्नी ललिताबाई आत आले.

सुगतने वाडग्यात पाहिलं. त्याचे कान लाल झाले, मानेची शीर उडू लागली. रत्नमालाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय रोवला. तिकडे भैयाजी मेनूकार्डावर बोट ठेवून अनुपला विचारत होते, "यात भात कोनता?" तेही सुगतने सोसलं. पण बाकीची टेबलं भरलेली, कोपऱ्यातलं एक तेवढं अनुप अजून पुसत होता, आणि भैयाजी उभेच राहिले. उभा प्रवासी पाहणं सुगतच्या ताकदीबाहेरचं होतं.

"या भैयाजी, जेवाले!"

"होऊ द्या, होऊ द्या," भैयाजी रीतीप्रमाणे म्हणाले.

"होऊ द्या काहून? या ना! सरक वो थोडी."

सरकायला भिंत होती. अनुपने दोन खुर्च्या आणल्या. सुगतने आपला वाडगा भैयाजींपुढे ढकलला, ललिताबाईंसाठी एक मागवला आणि त्यांना फो कसा खायचा ते समजावू लागला. त्याने स्वतः अजून तो चाखलाही नव्हता.

रत्नमाला उठली. वाडगा उचलला आणि पुसून झालेल्या टेबलाशी जाऊन बसली. समोरची खुर्ची तिने हाताने नीट केली. मग साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला हाक मारली,

"अहो! या, जेवाले!"

सुगतने मान वर केली, हसून हात जोडले आणि म्हणाला, "होऊ द्या, होऊ द्या."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तो अर्धवट उठलाही. पण ललिताबाई म्हणाल्या, "बसा ना भाऊजी, ह्या शेवया घसरून राहिल्या," आणि पाहुण्यांना टाकून उठणं त्याला जमेना. रत्नमालाने काड्यांनी शेवटची शेवई संपवली, वाडगा तोंडाला लावून रस्सा प्यायली आणि आणखी एक मागवला.

त्यानंतरही ती चार-पाच वेळा तिथे गेली. एकटीच. उन्हाळ्यात गरम रस्सा कोणी पिईना, म्हणून मे महिन्यात अनुपने हॉटेल बंद केलं.