लिवानाग साहेबांची सही

आर्णीजवळच्या तांड्यात भावसिंग राठोडला सगळे ‘हवालदार’ म्हणत. लोक मानानंच म्हणायचे, पण त्याला ते टोचायचं. बावीस वर्षं फौजेत गाडी चालवून तो हवालदार म्हणूनच घरी आला होता. त्याच्यासोबत भरती झालेले नायब सुभेदार झाले, एकदोघं सुभेदारही झाले. भावसिंगच्या हाती निघताना एक कागद पडला. त्यावर डॉक्टरांच्या बोर्डानं लिहिलं होतं, की डाव्या कानाचं बहिरेपण सेवेमुळे आलेलं नाही. म्हणजे अपंगत्वाचं पेन्शनही नाही.

ते खरं नव्हतं. पण खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि तो फिलिपाइन्सच्या फौजेत होता.

झालं असं की २०१२ मध्ये भावसिंगची तुकडी निळ्या टोप्या घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेली. इस्रायल आणि सिरियाच्या मधल्या पट्ट्यात बऱ्याच देशांचे सैनिक एकत्र पहारा देत. तिथं भावसिंगला एका फिलिपिनो साहेबाची गाडी मिळाली. लेफ्टनंट कर्नल लिवानाग. बुटका, गोल तोंडाचा, सकाळच्या नाश्त्यालाही भात खाणारा माणूस. त्याला ‘भावसिंग’ म्हणता येत नसे, तो ‘बाव’ म्हणे. दोघांचंही इंग्रजी मोडकंच, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं. साहेबानं खिशातून आपल्या लेकीचा फोटो दाखवला, भावसिंगनं आपल्या उर्वशीचा दाखवला. दोघी आठ-नऊ वर्षांच्या. त्यानंतर साहेब रोज गाडीत बसताना विचारायचा, ‘डॉटर ओके?’ आणि भावसिंग म्हणायचा, ‘ओके सर.’

पुढच्या वर्षी, थंडीतल्या एका सकाळी, पलीकडच्या लढाईतले तोफगोळे पट्ट्यात पडू लागले. साहेब एका चौकीच्या फाटकाशी उतरून बोलत होता. पहिला गोळा मागच्या गाडीवर पडला आणि तिचा ड्रायव्हर जागीच गेला. दुसरा फाटकाजवळ पडला. भावसिंगला आवाज आलाच नाही, फक्त छातीवर कुणी पाट मारावा तसं झालं. साहेब जमिनीवर पडला होता, मांडीतून रक्त वाहत होतं. भावसिंगनं त्याला बगलेत धरून ओढलं, मागच्या सीटवर टाकलं, मांडीला आपला पट्टा आवळला आणि फुटक्या टायरवर चार किलोमीटर गाडी पळवली. दवाखान्याच्या तंबूशी पोचला तेव्हा साहेब बेशुद्ध होता. त्याच दिवशी हेलिकॉप्टरनं त्याला नेलं. तिथून तो परस्पर मायदेशी गेला. पुन्हा भेट नाही.

भावसिंगच्या डाव्या कानातून रक्त आलं होतं. ते त्यानं रुमालानं पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. तिथंच त्याची चूक झाली. नायब सुभेदारकीच्या यादीत त्याचं नाव वर होतं. कानाची नोंद झाली असती तर त्याला परत पाठवलं असतं, बढती अडली असती. म्हणून आठ महिने तो कानात घूं घूं घेऊन गाडी चालवत राहिला. मायदेशी आल्यावर तपासणीत कानाचं बहिरेपण पकडलं गेलंच. बढती गेली. कान कशानं गेला विचारलं तर तो गोळ्याची गोष्ट सांगायचा, आणि समोरचा अधिकारी कागद चाळून म्हणायचा, “याची नोंद कुठाय?”

आर्णीत माजी सैनिकांचे अर्ज लिहून देणारे पंजाबराव म्हणून एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जोरात, उजव्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “हवालदार, त्या साहेबाचं लेखी आणा. मी होतो, मायासमोर झालं, येवढं त्यानं लिहून सही केली तं बोर्डाले पुन्हा पाहा लागते.”

तेव्हापासून भावसिंग त्या सहीच्या मागे लागला.

पहिलं पत्र मनिलाच्या लष्करी मुख्यालयाला गेलं. दुसरं दूतावासामार्फत. उत्तर आलं नाही. पण फोनवरच्या बातम्यांत साहेब सापडला. उर्वशीनं शोधून दाखवलं, लिवानाग साहेब ब्रिगेडिअर झाले होते. भावसिंगला एवढा आनंद झाला की त्यानं तांड्यात पेढे वाटले.

“तुमाले काय भेटलं त्याच्यात?” बसंतीबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

“अवं, जेवढा मोठा साहेब, तेवढी वजनदार सही!”

२०१९ मध्ये साहेब मेजर जनरल झाला. दोन वर्षांनी लेफ्टनंट जनरल. फोटोत केस पिकलेले, छातीवर पदकांच्या रांगा, चित्रफितीत चालताना किंचित लंगडायचा. ते लंगडणं पाहून भावसिंग उर्वशीला म्हणायचा, “पाह्य, थोच पाय. त्याच पायाले मी माया पट्टा बांधलता.” प्रत्येक बढतीला एक पत्र गेलं. एकूण पाच. बाकी घरात कापूस-सोयाबीनचं जे व्हायचं ते बसंतीबाईच बघायची. भावसिंग शेतात असला तरी त्याचं चित्त तिकडं मनिलाला.

२०२३ च्या उन्हाळ्यात उर्वशी यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजातून सुटीवर घरी आली होती. एका दुपारी फोन बघता बघता तिनं तो भावसिंगपुढे धरला. लिवानाग साहेब निवृत्त झाले होते आणि निरोपाच्या भाषणाची चित्रफीत होती. खाली इंग्रजी अक्षरं येत होती.

“काय म्हन्ते?” भावसिंगनं विचारलं. साहेब बोलताना थांबला होता, डोळे पुसत होता. “मायं नाव घेतलं का?”

उर्वशीनं मान हलवली. हो.

“मंग सांग ना, काहून रडून राह्यली?”

तिला ते ओरडून सांगवेना. शेजारीपाजारी ऐकतील असं सांगण्यासारखं ते नव्हतं. तिनं वहीवर लिहिलं: साहेब म्हणतात, बाव नावाच्या हिंदुस्थानी ड्रायव्हरनं मला वाचवलं. तो त्याच दिवशी मेला. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

भावसिंगनं ते दोनदा वाचलं.

“मागच्या गाडीतला मेलता,” तो म्हणाला. “त्याले कोनंतरी चुकीचं सांगतलं.” मग वही मिटून, “दहा वर्सं झाले. दहा वर्सं थो मले मेला समजून राह्यला.”

“बापू, आता तं सोपं हाय. तुमी जित्ते हाये येवढंच कळवा लागते.”

तिनं त्याच दुपारी त्याचा फोटो काढला, ओळखपत्र जोडलं आणि साहेबाच्या नावानं निघालेल्या एका संस्थेच्या पत्त्यावर सगळं पाठवलं. या वेळी उत्तर आलं, पण सात महिन्यांनी. साहेबाच्या लेकीनं लिहिलं होतं, त्या फोटोतल्या लेकीनं. वडिलांना निवृत्तीनंतर तीन महिन्यांतच मेंदूचा झटका आला. बोलणं गेलं, माणसं ओळखत नाहीत. तुमचा फोटो मी त्यांच्यासमोर धरला, त्यांनी नजर फिरवली. तुमच्यामुळे मला वडील मिळाले, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण सही मी करू शकत नाही. मी तिथे नव्हते.

उर्वशीनं ते मराठीत लिहून दिलं. भावसिंग वही मांडीवर ठेवून बसून राहिला. रागावण्यासारखं त्यात कुणी नव्हतं. तेच त्याला सोसवेना. कुणी लबाडी केली असती तर त्यानं शिव्या तरी दिल्या असत्या.

पंजाबराव दुसऱ्या दिवशी आले. “हेच पत्र जोडून अर्ज करू. लेकीचं तं लेकीचं.”

“थे तेथी नवती, गुरुजी.”

“करून पाहाले काय जाते?”

“मी थकलो,” भावसिंग म्हणाला. “रक्त आलं तवाच सांगा लागत होतं मले. एका रुमालाचं काम होतं. मीच पुसलं थे.”

बसंतीबाई दारात उभी होती. दहा वर्षांत हे त्यानं तिलाही कधी सांगितलं नव्हतं. रुमालाचं, लपवल्याचं. पंजाबरावांना चहा देऊन ती शेताकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही.

अर्ज झाला नाही. पुढच्या वर्षी उजव्या कानानंही ऐकू येईनासं झालं. डॉक्टरनं यंत्र लावून दिलं. त्यात नुसता खरखराट येतो म्हणून भावसिंग ते लावत नाही. उर्वशीला नागपूरला नोकरी लागली. दर रविवारी तिचा फोन येतो, चित्रासकट. भावसिंग पडद्यावर तिचे ओठ हलताना बघतो. बसंतीबाई शेजारी बसून बोलत असते आणि मधूनच कोपरानं त्याला ढोसते, म्हणजे आता उर्वशीनं काहीतरी विचारलं आहे.

तो मान हलवतो. काय विचारलं ते त्याला ठाऊक नसतं, आणि आताशा तो बसंतीबाईला विचारतही नाही.