वीस गुणांची आघाडी

लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान होतं तोवर चनबसाप्पांना बोलायला माणूस कमी पडला नाही. गिऱ्हाईक, हमाल, दलाल, सगळ्यांशी त्यांचा आवाज वरच्या पट्टीत. पण पोटच्या पोराशी काय बोलावं, हे त्यांना कधी उमगलं नाही. शशिधर नोकरीला अमेरिकेत, डेन्व्हरला गेला. रविवारी त्याचा फोन यायचा तो आईला, रत्नव्वांना. मायलेकरं पोटभर बोलायची. मग रत्नव्वा फोन पुढं करायच्या.

"बरं हाय न्हवं?" चनबसाप्पा विचारायचे.

"बरं हाय, अप्पा."

संपलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रत्नव्वा गेल्या. शशिधरला येता आलं नाही. त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. बापलेक फोन कानाला लावून नुसते एकमेकांचा श्वास ऐकत. एकदा असंच गप्प बसून झाल्यावर शशिधर म्हणाला, "काल ऑफिसातल्या लोकांबरोबर बास्केटबॉलची मॅच बघायला गेलतो."

"कसला खेळ त्यो?"

शशिधर सांगत सुटला. चनबसाप्पांना एक अक्षर कळलं नाही, पण पोरगा आईशी बोलायचा त्या आवाजात आज आपल्याशी बोलतोय, एवढं कळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाईलच्या दुकानात जाऊन त्या मॅचेस दिसायची सोय करून घेतली.

तिथली संध्याकाळ म्हणजे इथली पहाट. चनबसाप्पा अंघोळ, लिंगपूजा आटोपून चहा घेऊन फोनसमोर बसत. आधी नुसती धावाधाव दिसायची. मग हळूहळू डोळ्याला वळण लागलं. डेन्व्हरच्या टीममधला तो आडमाप जोकिच त्यांना भारी आवडला. घाई नाही, उड्या नाहीत, रमतगमत येतो आणि कुणाला दिसत नाही तिथं चेंडू देतो.

रविवारी वाद पेटायचा.

"अप्पा, लेब्रॉन आणि करी, हेच सगळ्यांत मोठे खेळाडू. जोकिचला डिफेन्स कुठं येतोय?"

"तुज्या त्या करीला तरी कुठं येतोय? लांबनं चेंडू फेकायचा आन् हसायचं. ह्यो जोकिच दुसऱ्याला मोठा करतोय, ते बघ की!"

"प्लेऑफच्या बाद फेरीत कळंल तुमाला."

"कळू दे की! मी कुठं पळून चाललोय?"

दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये डेन्व्हरनं विजेतेपद मिळवलं. त्या सकाळी चनबसाप्पांनी गल्लीत पेढे वाटले. "नातू झाला काय?" लोक विचारत. "न्हाई, आमची टीम जिंकली," असं सांगताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आलेले. कुणाला काही कळलं नाही.

त्यानंतर वादाची धार कमी होत गेली. "व्हय की अप्पा, बरोबर हाय तुमचं," शशिधर म्हणायचा. चनबसाप्पांना वाटे, पोराला अखेर आपलं पटायला लागलं. ते खूश होते.

मग दोन हजार चोवीसचा मे आला. प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध तीन-तीन बरोबरीनंतरची सातवी मॅच, हरेल तो घरी. मध्यंतरानंतर डेन्व्हर वीस गुणांनी पुढं गेलं. चनबसाप्पांनी मांडीवर थाप मारली. आणि तिथून खेळ फिरला. चेंडू जाळीच्या कडेला लागून बाहेर यायला लागले, आघाडी वितळत वितळत गेली, आणि घरच्या मैदानात डेन्व्हर हरलं. रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

"बघितलंस काय रं?"

"व्हय अप्पा! भारी झालं. वीसनं मारलं की नाय तुमच्या जोकिचनं?"

चनबसाप्पांना आधी वाटलं, चेष्टा करतोय.

"हरलो की, शशी."

"मी मघाशी स्कोअर बघितलता," शशिधर म्हणाला. "वाटलं, जिंकलेच असतील."

"मॅच बघितली न्हाईस?"

"अप्पा... त्या विजेतेपदानंतर मी एकबी मॅच बघितली न्हाई. माझं मन लागंना त्यात. तुमाला आवडतंय म्हणून फोन करायच्या आधी वाचून घेत हुतो. तुमी किती जीव तोडून बोलता. म्हटलं, कशाला मोडायचं."

"मला आवडतंय म्हणून?"

"व्हय."

चनबसाप्पांच्या ओठावर आलं होतं: अरे, मी कुणासाठी बघायला लागलो? पण ते बोलले नाहीत. बोलून पोराला आणखी अपराधी करायचं, त्यापेक्षा गप्प बसावं. "बरं. आता वाचत बसू नको. कामं असत्यात तुला," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

शशिधरनं पुढचे काही रविवार विषय काढून पाहिले. हवा, ट्रॅफिक, चनबसाप्पांचं ब्लडप्रेशर. कुठलाच दोन वाक्यांपुढं गेला नाही. मग फोनच्या जागी मेसेज आले. मग सणासुदीला फुलांची चित्रं.

चनबसाप्पांनी मॅच बघायचं सोडलं नाही, हेच वाईट झालं. त्यांना खेळाचा खरोखरच नाद लागला होता. आता जोकिचचा एखादा पास अंगावर काटा आणायचा, आणि तो कुणाला सांगायचा, ह्या विचारानं ते फोन उलटा ठेवायचे.

ओळखीचे गणपतराव, दूधसंस्थेतनं निवृत्त झालेले, रोज सकाळी बागेतल्या बाकावर भेटत. यंदाच्या एप्रिलमध्ये म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा बघून ते एकदा म्हणाले, "चनबसाप्पा, मला सांगा की तुमचा त्यो अमेरिकेतला खेळ. घटकाभर आमचीबी करमणूक."

चनबसाप्पांना बरं वाटलं. ते सावरून बसले. बोटानं हवेत मैदान काढलं, जोकिच कुठं उभा राहतो ते दाखवलं, आवाज जुन्या दुकानातल्यासारखा चढला.

"सगळ्यांत मोठा कोण म्हणशीला, तर ह्यो. पण आमचा शशी काय म्हणतो, त्याला डिफेन्स..."

ते थांबले. हात हवेतच राहिला.

"काय म्हणतो शशी?" गणपतरावांनी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," चनबसाप्पा म्हणाले, आणि गणपतरावांसाठी न थांबता घराकडं चालायला लागले.