घोंगडी पांघरलेली काठी

किसनमामांचा शेवटचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या दुकानात ब्लाऊजपीस दाखवत होते. "आज पुनव हाय. दर्या लई वर येणार बघ," ते म्हणाले. मी म्हटलं, "मामा, गिऱ्हाईक आहे, मग बोलते." "बोल बोल, पाणी काय पळून न्हाई जात," असं म्हणून ते हसले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या नातवाचा, सुमितचा फोन आला. चहा पिऊन मेंढरांकडं निघालेले मामा अंगणातच बसले, आणि बसलेलेच राहिले... आता दीड महिना होत आला. मग बोलते म्हटलेलं माझं बोलणं तसंच राहून गेलं आहे. खरं तर ते सहा वर्षांपासूनच राहिलं होतं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, पुसेगावचे. जन्म मेंढरांमागं गेला. शाळा दोन इयत्ता, पण प्रश्न मात्र एखाद्या प्राध्यापकाला घाम फोडतील असे. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेले तरी देवापेक्षा जास्त वेळ दगड घडवणाऱ्या पाथरवटाजवळ बसायचे. मेंढरं घेऊन वऱ्हाडापर्यंत पायी फिरलेला हा माणूस साठी उलटल्यावर एकदा मला म्हणाला, "माय, समद्या नद्या पाहिल्या. त्या जाऊन पडतात कुठं, तेवढं बघायचं राहिलं." त्या उन्हाळ्यात आम्ही तळकोकणात जाणारच होतो. मामांना आणि सुमितला सोबत घेतलं.

माझी धास्ती सांगायला हवी. मला पाण्याची भीती वाटते. विहिरीत मी कधी डोकावतही नाही. त्यात पोरं तीन, तिन्ही तीन वयाची: सुमित पंधराचा, माझा ओम नऊचा आणि चिमी जेमतेम चारची. थोरल्याला खोल पाण्यात जायचं, मधल्याला थोरल्याच्या मागं जायचं आणि धाकटीला वाळू खायची. पहिली सकाळ माझी ओरडण्यात गेली. मामा ते बघून म्हणाले, "समद्यांला एकीकडंच सोडलं की थोरलं पळतं आन् बारकं तुडवलं जातं. कोकरांचा चारा येगळा, मेंढ्यांचा येगळा." त्यांनी सुमितला कामाला लावलं, खाडी समुद्राला कुठं मिळते ते चालत जाऊन बघून ये, आणि तिथलं पाणी चाखून ये. ओमला वाळूत पाट काढून बांध घालायला बसवलं. चिमीला शिंपले दिले आणि वाळूत मेंढवाड्यासारखी दोन रिंगणं आखून पांढरे एका वाड्यात, करडे दुसऱ्या वाड्यात अशी वाटणी करायला सांगितलं. दोन तास माझ्या कानावर एक भांडण आलं नाही. मी सुरूच्या झाडाखाली चक्क पाय पसरून बसले होते.

मामा स्वतः मात्र चौथं लेकरू झाले होते. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं. "आपली कयाधू हितंच येऊन राहिली का?" मी सांगितलं, नाही मामा, आपल्या नदीचं पाणी गोदावरीतून पार पलीकडच्या समुद्रात जातं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. "मग ह्ये कुणाचं पाणी?"

घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. मेंढपाळाची एक जुनी रीत आहे. कळप सोडून जरा कुठं जायचं असलं की तो काठी जमिनीत रोवतो आणि तिच्यावर आपली घोंगडी पांघरतो. मेंढरांना वाटतं धनी उभाच आहे, ती तिथून हलत नाहीत. सुमित आणि ओम खेकडे बघायला खडकांच्या मागं गेले, त्यांना आणायला मामा निघाले. मी वर झाडाखाली कलिंगड चिरत होते. मामांनी ओल्या वाळूत काठी रोवली, घोंगडी टाकली आणि चिमीला सांगितलं, "मी हितंच हाय बरं. ह्याला सोडू नको." समुद्र तेव्हा कितीतरी लांब होता. नदीकाठी जन्म काढलेल्या माणसाला पाणी आडवं वाहतं हे ठाऊक. ते चालून अंगावर येतं हे कुठून ठाऊक असणार?

मी मान वर केली तेव्हा घोंगडीचं टोक पाण्यावर तरंगत होतं. चिमी दोन्ही हातांनी काठीला धरून उभी, पाणी मांड्यांच्या वर. मी कशी धावले, ते आठवत नाही. तिला उचललं तेव्हा ती रडतही नव्हती. "आजोबा इथंच होते ना," एवढंच म्हणाली. तेवढ्यात मामा धापा टाकत आले, आणि मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर तुटून पडले, "मेंढरं न्हाईत ही, मामा! तुमच्या भरवशावर लेकरू सोडलं, माझीच अक्कल गेली व्हती!" मामा भिजलेली घोंगडी पिळत उभे राहिले. मग पाण्याकडं बघत हळूच म्हणाले, "पर ह्ये काहून आलं गं वर? कुणी हाकलं ह्याला?" माझा संताप आणखीच चढला. चूक झाली म्हणायचं सोडून हा माणूस प्रश्न विचारतो! माफी मागायची त्यांची तीच पद्धत होती, हे कळायला मला फार उशीर लागला.

संध्याकाळी, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंपाशी बसून त्यांनी भरती-ओहोटी समजून घेतली. पाणी रोज पाऊण-एक तास उशिरा येतं, अवसेला-पुनवेला सगळ्यात वर चढतं, हे ऐकून ते हरखले. "म्हंजी ह्याचा धनी चंद्र हाय!" तेव्हापासून दर अवस-पुनवेला मला फोन, दर्या वर आला असंल म्हणून. पुसेगावात त्यांची टिंगल व्हायची, की हिथं प्यायला पाणी न्हाई अन् किसनाला भरतीची काळजी. ते स्वतःही हसायचे. दर उन्हाळ्यात मात्र एकदा विचारायचे, "पुन्यांदा जाऊ का लेकरं घेऊन?" मी म्हणायचे, बघू. ओमची परीक्षा, दुकान, लग्नसराई... कारणांना काय तोटा. त्यांच्यावर आता माझा विश्वास नाही, हे कधी तोंडाने बोलले नाही; पण लेकरं त्यांच्यासोबत शेतापर्यंतही एकटी पाठवली नाहीत. त्यांना ते समजत होतं. दर दिवाळीला आम्ही गेलो की ते चिमीला त्या काठीला टेकवून उभं करायचे आणि तिच्या डोक्याच्या उंचीवर चाकूनं खाच पाडायचे. मला ती काठी डोळ्यांसमोर नको असायची. मी चहाच्या निमित्तानं आत निघून जायचे.

तेराव्याला गेलो तेव्हा ती काठी त्यांच्या खोलीत, खुंटीवरच्या घोंगडीखाली टेकवलेली होती. मी पहिल्यांदा नीट पाहिली. वर दिवाळीच्या सहा खाचा, एकीवर एक. आणि खूप खाली, एकटीच, एक खोल खाच. ही कसली, म्हणून मी सुमितला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, ती दर्याची. त्या दिवशी पाणी जिथवर आलतं तिथली. ओली काठी होती तवाच पाडली आजोबांनी. मग दर साली बघायचे, चिमी त्या पाण्याच्या किती वर गेली ते. म्हणायचे, पाणी तिच्या गुडघ्यावर उतरलं की तुझ्या आत्याला पुन्यांदा इचारीन, मग ती न्हाई म्हणायची न्हाई."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि खूप रडले. मामा, चुकले मी. लेकरू तुमच्या हातून निसटलं नव्हतं. तुम्ही सहा वर्षं त्याच पाण्यात उभे होतात आणि मी तुम्हाला बाहेर या म्हटलं नाही.

चिमीनं काठी उचलून स्वतःच्या पायाजवळ उभी केली. वाकून खालची खाच बघितली, बोटं लावून मोजलं. "आई, गुडघ्याच्या चारच बोटं वर आहे."

काठी आता आमच्या दुकानात, गल्ल्यामागच्या कोपऱ्यात आहे. परवा मी कोकणातल्या त्या काकूंना फोन केला, उन्हाळ्यात येतोय म्हणून. त्यांनी माणसं किती, म्हणून विचारलं. मी आमची नावं सांगितली, सुमितचंही सांगितलं. मग विचारलं, पुनवेला पाणी कुठवर येतं? काठी त्याच्या वर रोवायची आहे.