पळीभर दूध, चतकोर भाकरी

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसते, तेव्हाही नाही — उलट त्या वेळी माझी मान जरा जास्तच ताठ असते. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुम्हीसुद्धा वाटी घेऊन माझ्या दारात विरजण मागायला आला असता.

हो, विरजण. सोलापुरात आमच्या गल्लीत कुणाचं दही बिघडलं की वाटी माझ्याकडं यायची. लोणचं घालायचं, पहिल्या फोडीला मीठ माझ्या हातनं. जाईची फांदी लावायची, माझ्या हातनं. नव्या बाळाला पहिलं तेल लावायला सुईण आलेली असली तरी म्हाताऱ्या म्हणायच्या, थांब, अक्काला बोलवा आधी. हातगुण म्हणतात ना, तो माझा होता. फुशारकी मारते म्हणाल — मारते. माझ्या हातची जाई भिंत ओलांडून गेली, हे काय मी खोटं सांगते? त्या वेळच्या कुठल्याही बाईला विचारा.

तर त्या हाताची ही गोष्ट आहे. आणि एका मांजराच्या पिल्लाची — हसलात? हसा. मीही त्याला मांजराचीच गोष्ट समजत होते.

आमचं सुताचं दुकान. माझा नवरा आणि धाकटा दीर मिळून चालवायचे, विणकरांना सूत विकायचे. सासूबाई गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या, पण अंगण एकच. अलीकडं मी, पलीकडं माझी धाकटी जाऊ, नीलव्वा. दोन्ही घरांत एकेक खोली सुताच्या गाठोड्यांनी भरलेली, आणि गाठोडी म्हटली की उंदीर. ते काही सूत खात नाहीत, पण लडी कुरतडून त्यात बाळंतपणं करतात. शेवटी धाकट्या दिरानं एका तेलुगू विणकराच्या मागाखालनं मांजराची दोन पिल्लं टोपलीत घालून आणली. एकाच वेताची, दोन्ही भुरी. एक मला, एक नीलव्वाला.

पिल्लू कसलं, नुसतं तोंड होतं ते. खाऊन झालं की वाटी चाटायचं, वाटी चाटून झाली की माझ्या लुगड्यावर चढायचं, आणि वर ओरडणं — जसं काही आठवडाभर उपाशी ठेवलंय. नीलव्वाचंही तसंच. ती बिचारी घाबरून माझ्याकडं आली. किती द्यायचं हो याला? सारखं मागतंय.

विचारलं म्हणजे झालं. मला काय, कुठल्याही गोष्टीचा नेम सांगता यायचा. सकाळी पळीभर दूध, त्यात चतकोर भाकरी कुस्करून. सांजच्याला तेवढंच. मध्ये काही नाही. पिल्लू ओरडतंच, त्याच्या ओरडण्याला भुलायचं नाही. पोट टम्म झालं की मांजर चुलीपाशी लोळत पडतं, मग उंदीर अंगावरनं गेला तरी उठत नाही. आणि सुताच्या खोलीत घालून दार ओढून ठेव, म्हणजे उंदरांच्या वासावर राहील. हे सगळं मी कुठनं शिकले होते? कुठनंच नाही. आमच्या माहेरी मांजर नव्हतंच. पण बोलले अशी, की नीलव्वानं मान डोलावली आणि त्याच पावली जाऊन दार ओढलं.

माझं पिल्लू वाढलं बघा. अंग असं भरलं, केस असे चकाकायला लागले, की येणारी जाणारी उचलून घ्यायची. बायका विचारायच्या, मांजराची जात, वशाट-मटण खाल्ल्याबिगर वाढतं होय? मी म्हणायची, लिंगायताच्या घरचं आहे, वाढतं की. आणि उंदीर? मी म्हणायची — मारतं, खात नाही. खरं सांगते, मला तसंच वाटायचं. दुधाभाकरीवर मांजर वाढवून दाखवलं, याचा मला किती गर्व होता म्हणून सांगू! गल्लीत आणखी कुणाकुणाला मी तो नेम सांगितला.

नीलव्वाचं मात्र वाढेना. डोकं मोठं, अंग काडीएवढं. ती अधनंमधनं यायची, दारातच उभी राहायची. अक्का, अजून थोडं देऊ का? मी म्हणायची, दिलंस की बिघडवलंस. तिला सात-आठ वर्षं झाली होती लग्नाला, मूलबाळ नव्हतं. मी मनात म्हणायची, हिला लाड करायला काहीतरी हवंय, म्हणून ही नेम मोडायला बघते. आता वाटतं — तिला दिसत होतं की. डोळ्यांसमोर दिसत होतं. फक्त माझ्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची तिची छाती नव्हती.

मग एक दिवस दुपारी मी मिरच्या उलटायला माळवदावर गेले. मागल्या भिंतीपलीकडं चांदबी राहायची, तिचा नवरा गिरणीत होता. तिच्या अंगणात, परातीपाशी, माझं मांजर. बकऱ्याचं काहीतरी होतं — आतडी असतील, फेपडं असेल — आणि ते गुरगुरत, मान वाकडी करून, हाणत होतं. घरच्यासारखं. चांदबीनं वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखी नाही, साधीच, हसून.

“रोज आताय बाई,” ती म्हणाली. “बढने की उमर उसकी. तुमारे घर में पेट नै भरता.”

ऐकलंत? माझ्या घरात पोट भरत नाही. माझ्या! मी तिचे उपकार मानायला हवे होते. मी काय केलं — भिंतीवरनं वाकून म्हटलं, हे गल्लीत बोलू नकोस. ती म्हणाली, मेरेकू क्या पडी. आणि जन्मभर कुणाजवळ बोलली नाही.

इथं जरा थांबते. आता जे सांगायचंय ते… इथपर्यंत मी चुकले होते, एवढंच. माणूस चुकतं. न कळता केलेल्या गोष्टीला काय म्हणायचं? पण माळवदावरनं खाली उतरले तेव्हा मला कळलेलं होतं — माझं दार मी कधी ओढलं नव्हतं, नीलव्वाचं माझ्या सांगण्यानं ओढलेलं होतं. आणि नीलव्वाचं पिल्लू अजून जिवंत होतं.

त्याच संध्याकाळी ती आली. पिल्लू पदरात घेतलेलं. ओरडायचंसुद्धा थांबलं होतं ते.

“अक्का, बघा की. मान उचलंना झालंय. थोडं जास्त देऊ का?”

एका शब्दाचं काम होतं. दे. चांदबीचं नाव घ्यायचीही गरज नव्हती, वशाटाचं सांगायची गरज नव्हती. नुसतं — दे, पोटभर दे. माझी पत गेली असती का? थोडी गेली असती. उद्या तिचं पिल्लू सुधारलं असतं, आणि मग तिनं साऱ्या गल्लीत सांगितलं असतं की अक्काचा नेम सोडला तेव्हा जगलं. ते मला सोसलं नसतं. हे मी तेव्हा असं, पायरी पायरीनं, मनात मांडलं. रागाच्या भरात नाही. घाईत नाही. माझं मांजर तिथंच, पोट फुगवून, माझ्या पायाशी बसलेलं.

मी म्हटलं, “तेवढंच दे. नेम मोडू नकोस.”

दोन दिवसांनी ते मेलं. नीलव्वानं जुन्या चोळीत गुंडाळून अंगणाच्या कडेला पुरलं. मी खिडकीतनं बघत होते. ती रडत नव्हती, माती नीट सारखी करत होती.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी तुम्हाला त्रास दिला नसता. पुढच्या आठवड्यात आम्ही बायका कट्ट्यावर ज्वारी निवडत बसलो होतो. नीलव्वाही होती. कुणीतरी सहज विचारलं, एका वेताची दोन पिल्लं, एकच खाणं, मग हे असं कसं झालं? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. नीलव्वासुद्धा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“एकेकीचा हातगुण असतो,” मी म्हणाले.

बस्स. सुपातली ज्वारी पाखडत म्हणाले.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा बोलण्यानं काय होतं? दुसरी कुणी बोलली असती तर काहीच झालं नसतं. पण मी बोलले होते, आणि गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं — त्याचाच तर मला अभिमान. पुढच्या बारशाला नीलव्वानं बाळ घ्यायला हात पुढं केले, तर बाळाच्या आजीनं ते अलगद दुसरीकडं वळवलं. वाईट काही बोलली नाही. लोणच्याला तिला बोलवणं बंद झालं. मूल होईना तिला, त्याचाही अर्थ लोकांनी त्यातनंच काढला. आणि मग तिनं स्वतःच कशाला हात लावायचं सोडलं. अंगणातली रोपं माझ्याकडं आणून दिली. म्हणाली, अक्का, तुमच्याकडं जगतील. जगली. मी पाणी घातलं, जगली.

पुढं तिला मुलगी झाली. उशिरा, पण झाली — धडधाकट, काळ्याभोर डोळ्यांची. मला वाटलं, सुटले. आता कोण कशाला हातगुण काढतंय! अंगावर तर आईच पाजणार, तिथं कुणाला बदली देता येत नाही. पण उष्टावणाच्या दिवशी नीलव्वा पोर घेऊन अंगण ओलांडून आली आणि खिरीची वाटी माझ्यापुढं ठेवली.

“तुम्हीच भरवा अक्का,” ती म्हणाली. “माझ्या हाताला गुण न्हाय.”

मी भरवलं. साऱ्या बायकांनी बरं झालं म्हटलं. मला वाटलं, एक दिवसाचा मान. पण दुसऱ्या दिवशीही ती आली, आणि तिसऱ्या दिवशीही. भात ती शिजवायची, मऊ ती करायची, तूप ती घालायची, आणि वाटी घेऊन माझ्याकडं यायची. एक घास स्वतःच्या हातानं द्यायची नाही. पोर कुठं आजारी पडली, वाळली, तर? ती भीती मी घातलेली. सांगू? मला ते आवडायचं. पोर बाळसं धरत होती, गल्ली म्हणायची, अक्काचा हातगुण बघा. मी हसून, असू दे, असू दे, म्हणायची. आजही त्या पोरीची तब्येत कुणी वाखाणली की माझी छाती फुगते. हे मी लपवत नाही.

पोर बोलायला लागायच्या सुमाराची गोष्ट. मी भरवत होते, नीलव्वा समोर बसून बघत होती — रोज बघायची, घास घशाखाली उतरेपर्यंत. त्या दिवशी पोरीनं माझा घास घेतला नाही. तोंड फिरवलं, आईकडं वळली, तिचं मनगट धरलं आणि तिचा हात वाटीकडं ओढायला लागली. भूक लागली होती तिला. आई, तू दे — एवढं ते कळण्यासारखं होतं. नीलव्वानं माझ्याकडं पाहिलं. ती विचारत होती, पूर्वी दारात उभी राहून विचारायची तशीच. मी पुढं केलेला घास मागं घेतला नाही. मग तिनं हळूच आपलं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी पोरीची हनुवटी धरली, तोंड माझ्याकडं वळवलं, आणि घास भरवला.