अंधारात निवडलेली मेथी

मेथीचा वास एकदा हातांना लागला की दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. पौषातल्या त्या संध्याकाळी कोपरीतल्या आमच्या घरात तो कडसर, ओला गंध भरून राहिला होता. खाडीकडचा वारा गार झाला म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आई, मी आणि माझी बायको सुषमा, तिघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून भाजी निवडत बसलो होतो. तेवढ्यात लाइट गेली. उन्हाळ्यात पंखा थांबतो आणि माणूस लगेच कासावीस होतो. थंडीत तसलं काही होत नाही, फक्त फ्रीजची घरघर थांबते आणि आपलं घर एवढं शांत असू शकतं याचं नवल वाटतं.

आमचे दोघांचे हात जागीच थांबले. आईचे थांबले नाहीत. त्या काळोखात देठ मोडल्याचा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला. सुषमा मोबाइल शोधत चाचपडत होती, मी टीपॉयवर गुडघा आपटून घेतला. आई मात्र हातातली जुडी संपवून उठली, सरळ देवघराशी गेली, निरांजन लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधणही ठेवलं.

"कमाल आहे हो आई तुमची," सुषमा म्हणाली. "आम्हाला इथे काही दिसेना, आणि तुम्ही चहा टाकून मोकळ्या."

"लग्न होऊन आले तेव्हापासून याच घरात वावरतेय. अंधाराचं काय एवढं?"

मला तर तिचा अभिमानच वाटला. तुपाच्या वातीच्या त्या मंद, सोनेरी उजेडात चहा पिताना आम्ही तिचं तोंड भरून कौतुक केलं. किती दिवसांनी असे निवांत बसलो होतो. लाइट आणखी तासभर नाही आली तरी चालेल, असं मनात येऊन गेलं.

ती आली. बिल्डिंगभर "आली, आली" असा गलका झाला. सुषमा मेथी धुवायला उठली आणि थबकली. आईने लाइट जाण्याआधी निवडलेली जुडी चाळणीत होती, अंधारात निवडलेली कागदावर. दोन्हींत तेच होतं: पिवळी पानं, कुजके देठ, गवताच्या काड्या. कागदावरचं एक वेळ समजण्यासारखं होतं. पण चाळणीतलं?

त्याआधी काही महिने जेवताना भाजीत गवत लागलं की मी म्हणायचो, "अगं आई, गोठ्यात जेवायला बसवलंस की काय आम्हाला?" सगळे हसायचे. आईही हसायची, आणि स्वतःच्या ताटात बोटांनी चाचपत राहायची.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरली आहे ती थेंब घालून सांभाळायची. आधी आणलं असतंत तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते आमचं आम्हाला पुरं करता येत होतं. अजूनही मेथीची भाजी पानात आली की तो विनोद आठवतो.

दवाखान्यातून परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, "अगं, दिसत नाही म्हणून सांगायचं तरी."

तिने शाल कानांवर ओढून घेतली. "मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत रे. काळोख लवकर पडतो."

तिला खरंच तसं वाटलं होतं, की आमच्या जिवाला घोर नको म्हणून ती तसं म्हणाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. भाजीत गवत तर उन्हाळ्यापासून येत होतं.