तिसगावचा मिटल्या डोळ्यांचा शिपाई

लढाई कुठे आणि तिसगाव कुठे! पण तिथल्या चावडीच्या भिंतीवर गोऱ्या सरकारनं फौजेच्या भरतीसाठी शिपाई रंगवून घेतला आणि त्या चित्रापायी रंगारी हुसेनभाईलाच धरलं, हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी नगरच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. चित्रासाठी माणूस कोंडतात? सुट्टी पाहून निघालोच.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटेची मोटार धरा. पेट्रोल मिळत नाही म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालते. चढावर आम्ही सगळे उतरून ढकलत होतो; भाडं बारा आणे आणि वर हमाली आपलीच! घाट उतरल्यावर करंजीला भाकरी-ठेचा मात्र झकास मिळाला.

तिसगावात बाजार भरला होता. शिपाई लांबूनच दिसला. लाल गाल, चकचकीत बूट, खांद्यावर बंदूक आणि डोळे चक्क मिटलेले. चहावाल्याला विचारलं.

"आमच्याकडं गाडीवर बैल रंगवला तरी डोळं शेवटी, अन् ते घरच्या बाईनं काढायचं," तो म्हणाला. "हुसेनभाईनं भर बाजारात इचारलं, ह्या शिपायाच्या घरचं कोन हाय? सखूबाई म्हनली, मी. तिचं पोरगं फौजेत मिसरला गेल्तं, तिकडंच संपलं. तिनं डोळं मिटवलं. त्या दिशी भरतीला एक गडी उभा ऱ्हायला न्हाई."

वा रे सरकार! पोरगं नेताना आईला विचारत नाही, आणि तिच्या दोन रेघांना घाबरतं!

चावडीत भरतीचा साहेब बसला होता, आपलाच देशी माणूस. मी कोण ते कळताच त्यानं माझ्या हातात कुंचला दिला. "डोळे उघडून द्या, मास्तर. रंगाऱ्याला आत्ता सोडतो."

हुसेनभाई कोपऱ्यात, हाताला दोर. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मला काय इचारता? डोळं तिचं हायेत," तो म्हणाला.

सखूबाई दारातच होती. "उघडा की. माझ्यापायी हुसेनभाईला कशाला कोंडायचं? पन उघडल्यावर त्यो मला आई म्हनून हाक मारंल का, तेवढं साहेबाला इचारा."

"लवकर, मास्तर," साहेब म्हणाला. लाज कशी वाटत नाही या माणसांना!

मी कुंचला खाली ठेवला. हुसेनभाईनं मान डोलावली. त्याला पाथर्डीच्या तुरुंगात नेलं आणि आमच्यादेखत भिंतीला चुना फासला.

हुसेनभाई अजून आतच आहे. परवा आमच्या हेडमास्तरांनी हुकूम सोडला, शाळेच्या फाटकावर भरतीचा शिपाई हवा. काढला. गाल, बूट, बंदूक, सगळं. डोळ्यांसाठी कुंचला बायकोच्या हाती दिला. आमचा थोरला पुढच्या वर्षी भरतीच्या वयाचा होतोय. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शिपायाचे दोन्ही डोळे मिटवले.

चित्र आज फाटकावर टांगलंय. खाली माझं नाव ठळक लिहिलंय, दुसऱ्या कुणाला धरायला नको.