चकोट केलेलं डोकं

केस छान आलेत हो माझे. ऑफिसात सगळे विचारतात, "यार, कहाँ से करवाया?" मी पत्ता सांगून टाकतो. पुढचं कुणाला सांगत नाही.

छत्तिशी आली होती, मुली फोटो बघूनच नाही म्हणायच्या. बाबांचं आपलं एकच पालुपद, "सरकारी नोकरीला केस लागत नाहीत." म्हणून त्यांच्यापासून लपवलं. आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे पुण्याला गेली, तेव्हा मी टूरची थाप मारली आणि नोएडातलं क्लिनिक गाठलं. तिथे आधी डोकं चकोट केलं, मग मागची मुळं एकेक काढून पुढे रोवली. अख्खा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मित्राच्या फ्लॅटवर होतो, तर दिल्लीत द्वारकेला आमचं घर आहे, तिथल्या शेजाऱ्यांचा फोन आला. बाबांना पक्षाघात झाला होता.

आयसीयूच्या दारात सिस्टर म्हणाली, "टोपी उतारिए." काढली. मूर्ख मी! डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

बाबा शुद्धीवर होते, पण वाचा गेली होती. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. मग दाराकडे. पुन्हा डोक्याकडे. त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आमच्यात मुलगा डोकं कधी भादरतो? आई किंवा बाप गेल्यावर. आणि बाप तर समोर होता.

"बाबा, आई बरी आहे हो! ऑपरेशन नीट झालं. हे मी केसांसाठी केलंय, शप्पथ!"

त्यांनी मान फिरवली. आजारी बापाला मुलगा आणखी काय सांगणार? आजोबा गेले तेव्हा दवाखान्यातल्या आजीला बाबांनीही "बरे आहेत" असंच सांगितलं होतं.

आत मोबाईल चालत नव्हता. सिस्टरच्या हातापाया पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी मिळाली, तोवर बाबांची शुद्ध हरपली होती. तरी फोन कानाशी धरला. तिकडून आई म्हणत राहिली, "अहो, ऐकताय ना? मी बोलतेय." दुपारी ते गेले.

दहाव्याला न्हावी वस्तरा घेऊन नुसता बघत राहिला. "इसमें क्या उतारूँ?"

आई महिन्याने वॉकर घेऊन आली. माझं डोकं तिला दहाव्याचंच वाटलं, तिने त्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "माझी आठवण काढली का रे त्यांनी?"

"हो," मी म्हणालो. "सारखे दाराकडे बघत होते."

"वाटच बघत असणार," ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.